जागा मोकळी हवी, की गाडी अडकलेली?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझा तळमजल्यावर फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. समोर माझ्या मालकीची सहा गाड्यांची जागा आहे, त्यातल्या दोन अगदी रॅम्पला लागून. माझे निम्मे पेशंट कुबड्यांवर किंवा व्हीलचेअरवर येतात. आजूबाजूच्या इमारतींत कामाला येणारे लोक मात्र सकाळीच इथे गाड्या लावून जातात. विनवण्या केल्या, काचेवर चिठ्ठ्या लावल्या, भांडणंही झाली, पण काही फरक पडला नाही. मग एका खासगी कंपनीचा माणूस आला. म्हणाला, ‘मॅडम, तुमचा एक पैसा जाणार नाही. जॅमर आम्ही लावू, गरज पडली तर गाडी उचलून नेऊ, पैसे गाडीवाल्याकडून घेऊ. दर गाडीमागे पाचवा हिस्सा तुमच्या खात्यात.’ मी सही केली.

पहिल्याच महिन्यात तीसएक गाड्यांना जॅमर लागला. त्यातली एक रॅम्पजवळ उभी असलेली सामानाची छोटी व्हॅन होती. ड्रायव्हर तरुण मुलगा. समोरच्या इमारतीत खोकी पोचवून सात-आठ मिनिटांत परत आला. मागितलेली रक्कम त्याच्या दोन दिवसांच्या कमाईपेक्षा जास्त होती. भाऊ पैसे घेऊन येईपर्यंत तो दोन तास चाकाशेजारी बसून होता. तेवढ्यात माझ्या अकराच्या पेशंट आल्या, पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर असलेल्या. रॅम्पजवळची जागा जॅमर लावलेल्या व्हॅननंच अडवलेली. त्यांना भर रस्त्यात उतरवावं लागलं.

नवरा म्हणतो, चूक त्या मुलाची आहे, पाटी वाचायला हवी होती. मला मात्र झोप लागत नाही. ही वसुली न्याय्य आहे का? करार मोडू का? आणि मोडला, तर जागा पुन्हा भरेल, त्याचं काय?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुढे मी बरंच काही टोचेल असं लिहिणार आहे, म्हणून आधी एक गोष्ट सांगून टाकते. जागा तुमची आहे आणि ती अडवणाऱ्यांचंच चुकतंय. ‘दोनच मिनिटं तर उभी करायची होती’ म्हणणाऱ्या माणसाला त्या दोन मिनिटांत काय होतं ते दिसत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला गाडीतून उतरायचं तर दार पूर्ण उघडावं लागतं, शेजारी खुर्ची उभी राहील एवढी जागा लागते, आणि खुर्चीत सरकताना धरणाऱ्यालाही पाय रोवून उभं राहावं लागतं. शेजारची गाडी हातभर जवळ आली तरी सगळा खेळ बिघडतो. धडधाकट माणूस वैतागून पुढच्या गल्लीत गाडी लावेल, तुमच्या पेशंटला तसं करता येत नाही. तेव्हा तुम्ही ‘फार कडक’ वागलात असं मी म्हणणार नाही. कडक वागायलाच हवं होतं.

पण तुमच्याच पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा. रॅम्पजवळची जागा जॅमर लावलेल्या व्हॅननंच अडवलेली होती. आठ मिनिटांत निघून गेली असती ती गाडी तुमच्या जॅमरनं दोन तास तिथेच ठेवली. कुंपणानंच शेत खाल्लं. मला वाटतं, तुमची झोप उडाली ती मुख्यतः यामुळे, मुलाची दया आली हे त्यानंतर. तुम्हाला जागा मोकळी हवी होती आणि तुम्ही पैसे दिलेत, म्हणजे देऊ दिलेत, ते गाडी अडकवून ठेवण्याचे.

जॅमर कशासाठी जन्माला आला ते कळलं की हा गोंधळ सुटतो. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात फ्रँक मारुग नावाचे गृहस्थ होते. तिथल्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे आणि ओतकामासाठी साचे बनवायचे. दंडाच्या पावत्यांवर पावत्या साठवणाऱ्या आणि एकही न भरणाऱ्या लोकांच्या गाड्या पोलीस उचलून आवारात नेत. तिथे गाड्यांची मोडतोड व्हायची, वस्तू जायच्या आणि भरपाईसाठी लोक शहराच्याच मागे लागायचे. म्हणून गाडी जिथे आहे तिथेच खिळवून ठेवणारं एक लोखंडी यंत्र मारुग यांनी बनवलं. ५ जानेवारी १९५५ रोजी डेन्व्हर पोलिसांनी ते पहिल्यांदा वापरलं, १९५८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आजही तिकडे त्याला ‘डेन्व्हर बूट’ म्हणतात. म्हणजे मूळ काम काय होतं? जुनी, ठरलेली, अधिकृत थकबाकी असलेला माणूस हातचा निसटू नये. एखादी जागा रिकामी करणं हे त्याचं काम कधी नव्हतंच. सरकारी वसुलीचं हत्यार खासगी आवारात आलं आणि त्याचं धंद्यात रूपांतर झालं, कारण त्याला क्रेन लागत नाही, यार्ड लागत नाही. एक माणूस, एक लोखंडी चिमटा आणि एक पावतीपुस्तक एवढ्यावर भागतं.

‘दंड’ हा शब्द आपण किती सहज वापरतो बघा. तुमच्या कंपनीच्या पावतीवरही बहुधा तोच असेल. दंड करण्याचा अधिकार शासनाचा. तिथे कायदा असतो, ठरलेली रक्कम असते, आणि पटलं नाही तर दाद मागायला जागा असते. खासगी जागामालकाला फार तर भरपाई मागता येते, आणि भरपाई म्हणजे झालेल्या नुकसानीएवढी रक्कम. शेतात शिरलेली गुरं कोंडवाड्यात घालायची पद्धत आपल्याला परकी नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातही अगदी असाच हक्क होता, पिकात शिरलेलं जनावर नुकसान भरून मिळेपर्यंत अडवून ठेवण्याचा. जॅमर लावणाऱ्यांनी तिथल्या न्यायालयात हाच हक्क पुढे केला होता. १९९५ साली अपील न्यायालयानं तो फेटाळला. गुरानं पीक खाल्लेलं असतं, नुसत्या उभ्या गाडीनं काय खाल्लं ते आधी दाखवा, असा त्याचा मथितार्थ.

त्याच निकालात न्यायालयानं दुसरी एक वाट मात्र उघडी ठेवली, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. पाटी स्पष्ट असेल, ती वाचूनही माणसानं गाडी लावली असेल, तर त्यानं जॅमरचा धोका पत्करला असं मानता येईल, असं न्यायाधीश म्हणाले. त्या खटल्यातली ४० पौंडांची रक्कम त्यांना अवाजवी वाटली नाही. पण अटी घातल्या: रक्कम अवाच्या सवा नको, पैसे द्यायची तयारी दाखवल्यावर गाडी सोडायला उशीर नको, गाडीचं नुकसान नको, आणि ‘मी पैसे द्यायला तयार आहे’ हे सांगण्यासाठी माणसाला कुणापर्यंत तरी पोचता यायला हवं. शेवटची अट मला फार मोलाची वाटते. फोन न उचलणारा नंबर पाटीवर लिहून ठेवणं हाही एक प्रकारचा छळच आहे. तुमच्या पाटीवरचा नंबर तुम्ही स्वतः कधी लावून पाहिलाय का? रात्री आठनंतर एकदा लावून बघा.

‘पाटी वाचायला हवी होती’ हे तुमच्या यजमानांचं म्हणणं चूक नाही, पण अपुरं आहे. २००० साली इंग्लंडच्याच अपील न्यायालयासमोर एका बाईंची केस आली. गाडी चालवताना त्यांना एकदम मळमळायला लागलं, म्हणून त्यांनी दिसेल त्या मोकळ्या जागेत गाडी वळवली आणि उतरून उलटी केली. काही मिनिटांत परत येतात तो चाकाला जॅमर. शंभरहून जास्त पौंड भरून गाडी सोडवावी लागली. पाटी होती, पण शेजारी उभ्या असलेल्या एका उंच गाडीनं ती झाकली होती. न्यायालयानं बाईंच्या बाजूनं निकाल दिला, कारण पाटी भिंतीवर असणं वेगळं आणि माणसानं ती पाहिलेली असणं वेगळं. तुमच्या व्हॅनवाल्या मुलानं पाटी पाहिली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा त्याला कुणी विचारलंच नसेल.

स्कॉटलंडनं तर त्याही आधी, १९९२ मध्ये, सरळ टोक गाठलं. ४५ पौंड दिल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणणारा खासगी जॅमरवाला हा खंडणी आणि चोरीच्या आरोपाला पात्र आहे, असं तिथल्या उच्च फौजदारी न्यायालयानं ठरवलं. वस्तू तुमच्याच डोळ्यांसमोर आहे पण वापरता येत नाही, आणि वापरायची तर पैसे मोजा. जिथे ‘अडला हरी’ अशी अवस्था मुद्दाम करून पैसे घेतले जातात, तिथे ते पैसे राजीखुशीनं दिले असं म्हणता येत नाही, हा त्यामागचा विचार. इंग्लंड आणि वेल्समध्येही पुढे वर्षानुवर्षं तक्रारींचा पाऊस पडला आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून, कायद्यानं दिलेला खास अधिकार नसताना खासगी जागेत जॅमर लावणं किंवा गाडी उचलून नेणं हा गुन्हा ठरला. म्हणजे ज्या न्यायालयानं अटी घालून वाट ठेवली होती, त्याच देशाच्या संसदेला सतरा वर्षांनी ती बंद करावी लागली. अटी कागदावर होत्या आणि जॅमर एकट्या माणसाच्या हातात होता. त्या माणसाचं पोट पावत्यांच्या संख्येवर चालत असेल तर अटी कोण पाळणार?

आता दुसरी बाजूही मांडते, नाहीतर तुमच्यावर अन्याय होईल. फक्त झालेल्या नुकसानीएवढेच पैसे घ्यायचे म्हटलं, तर आठ मिनिटांचं नुकसान किती? जवळजवळ शून्य. मग कुणीही यावं आणि आठ-आठ मिनिटं करत तुमचा दिवस खावा. जरब बसेल एवढी रक्कम घ्यायला हरकत नाही, असं मलाही वाटतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये असाच निकाल दिला. चेम्सफर्डमधल्या दुकानांच्या आवारात दोन तास फुकट पार्किंग होतं, एक गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबले आणि त्यांना ८५ पौंडांची पावती आली. न्यायालयानं ती योग्य ठरवली. जागा सतत मोकळी होत राहावी यात मालकाचं खरंखुरं हित आहे, पाट्या मोठ्या आणि ठळक आहेत, आणि रक्कम त्या हिताच्या मानानं अवाढव्य नाही, ही कारणं दिली. मात्र या प्रकरणात गाडी कुणी अडकवली नव्हती, हे विसरू नका. पावती आली, माणूस घरी गेला, आणि पटलं नाही म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडू शकला. तुमच्या व्हॅनवाल्याला भांडायचं असतं तर आधी पैसे भरून गाडी सोडवावी लागली असती. आधी पैसे, मग न्याय. गरिबाच्या बाबतीत त्यातलं दुसरं कधी येतच नाही.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका इमारतीच्या आवारातून माझी गाडी उचलली गेली. चूक माझी होती. आईला तपासणीसाठी आत नेलं होतं, बाहेर अंधार झाला होता, पाटी झाडाच्या फांदीआड गेलेली. बाहेर आलो तर रिकामी जागा. आधी वाटलं चोरी झाली. कुणीतरी पाटी दाखवली, मग रिक्षा करून आम्ही दोघी त्या यार्डवर. जाळीची खिडकी, आत एक माणूस, समोर दोन कागद. उचलण्याचे पैसे वेगळे, ठेवण्याचे वेगळे. गाडी रात्री अकराला आली होती आणि आता साडेबारा वाजले होते, म्हणून ठेवण्याचे ‘दोन दिवस’ धरले होते. कार्ड चालणार नाही, रोख हवी. आईचा वॉकर आणि रात्रीच्या गोळ्यांचा डबा मागच्या सीटवर होता, काचेतून दिसत होता. ‘निदान तो वॉकर तरी द्या,’ म्हटलं. ‘पैसे भरल्याशिवाय गाडी उघडायची नाही.’ आई जाळीला धरून उभी होती. शेवटी भावाला झोपेतून उठवलं.

चूक माझी होती हे मी आजही मान्य करते, आणि उचलण्याचे पैसे भरताना मला अन्याय वाटला नव्हता. कागदावर लिहिलेले दुसऱ्या दिवसाचे पैसे आणि तो काचेआडचा वॉकर मात्र अजून मनातून जात नाही. माझ्या चुकीची भरपाई पहिल्या आकड्यात संपली होती. त्यापुढचं सगळं माझ्या अडचणीवर आकारलेलं होतं. रास्त आणि गैर यांतली रेघ मी तिथे ओढते: चुकीमुळे झालेला खर्च आणि चुकणं परवडू नये एवढी जरब, इथपर्यंत रास्त. माणूस अडलाय म्हणून वाढवलेला प्रत्येक पैसा गैर.

आता त्या पाचव्या हिश्श्याबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या करारातलं खरं विष तिथे आहे. कंपनीचा माणूस म्हणाला की तुमचा एक पैसा जाणार नाही. जात नाहीच, उलट येतो. आणि तिथेच तुमचं आणि तुमच्या पेशंटचं हित वेगळं झालं. जागा मोकळी राहिली, एकही गाडी लागली नाही, तर पेशंट खूश, पण कंपनी उपाशी आणि तुमच्या खात्यात शून्य. कंपनीला रिकामी जागा परवडत नाही, तिला चुकणारी माणसं हवीत. मग पाटी जरा कोपऱ्यात राहते, माणूस पलीकडे आडोशाला थांबतो आणि गाडीवाला पाठमोरा झाला की धावत येतो. सात मिनिटांत जॅमर लागला याचा अर्थ कुणीतरी टपून बसलं होतं. ‘भाऊ, इथे लावू नका’ हे वाक्य बोलायला त्याला दोन सेकंद लागली असती. ते वाक्य न बोलण्यातच त्याची कमाई होती आणि त्यात पाचवा वाटा तुमचा होता. हे वाचून वाईट वाटेल, पण तुम्ही मला खरं विचारलंत.

कॅलिफोर्नियात गाड्या उचलणाऱ्या कंपनीनं जागामालकाला कमिशन, भेटवस्तू, कसलाही मोबदला देणं आणि मालकानं तो घेणं, दोन्हीला कायद्यानं बंदी आहे. तिथे खासगी आवारातून गाडी उचलायची तर साधारणपणे मालकानं किंवा त्याच्या माणसानं हजर राहून त्या विशिष्ट गाडीसाठी लेखी सही द्यावी लागते. कंपनीनं फिरत फिरत आपल्या मनानं उचलायची नाही. पाटीचं मापसुद्धा ठरलेलं आहे, किमान १७ बाय २२ इंच, अक्षरं किमान एक इंच उंचीची, आवाराच्या प्रत्येक प्रवेशाजवळ. गाडी ट्रकला जोडली, पण आवाराबाहेर पडायच्या आत गाडीचा मालक आला, तर नेहमीच्या शुल्काच्या निम्म्याहून जास्त घेता येत नाही. आणि गाडी दहा मैलांच्या आतल्या यार्डवरच न्यायची. यातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी माझ्यासारख्या रात्रीतून आला असणार. जॅमर जिथे जन्मला त्या डेन्व्हरच्या राज्यात, कोलोरॅडोत, २०२२ मध्ये नवा कायदा झाला. राहत्या संकुलातून गाडी उचलायची तर बहुतेक प्रसंगी २४ तास आधी नोटीस लावावी लागते, आणि सगळे पैसे जवळ नसतील तर १५ टक्के, तेही जास्तीत जास्त ६० डॉलर, भरून गाडी ताब्यात मिळते. बाकीचं देणं शिल्लक राहतं, माफ होत नाही. पण माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जाऊ शकतो. ज्याची कमाईच गाडीवर आहे, त्याची गाडी अडकवून त्याच्याकडून पैसे मागण्यातला वेडेपणा कुणाच्या तरी लक्षात आला.

तर करार मोडू का? हो, आहे तसा करार मोडा. पण जागा वाऱ्यावर सोडू नका. तुमच्या गावात खासगी माणसाला जॅमर लावण्याची मुभा मुळात आहे का, हे आधी वकिलाला विचारा. सही तुमची आहे, उद्या कुणी दावा ठोकला तर कंपनीबरोबर तुमचंही नाव येईल. मुभा असली तरी जॅमर नकोच. तुमच्या कामाचं ते साधन नाही, ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत.

रॅम्पजवळच्या दोन जागा आणि बाकीच्या चार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एकाच मापानं मोजू नका. त्या दोन जागांवर आधी पैसे खर्च करा. जमिनीवर रंगानं व्हीलचेअरचं मोठं चित्र काढून घ्या, आणि प्रत्येक जागेत पाडता-उचलता येणारा कुलपाचा लोखंडी खांब बसवा. पेशंटची वेळ झाली की तुमचा मदतनीस तो पाडेल. गाडी लागूच शकली नाही तर काढायचा प्रश्न येत नाही. अशा खांबाला कमिशन मिळत नाही, म्हणून कंपनीच्या माणसानं तुम्हाला तो सुचवला नाही. उरलेल्या चार जागांसाठी पाटी डोळ्यांच्या उंचीवर, आत शिरतानाच दिसेल अशी लावा, रात्रीही दिसेल असा दिवा तिच्यावर असू द्या. तिच्यावर रक्कम लिहा, उचललेली गाडी कुठे नेली जाते तो पत्ता लिहा आणि तुमच्या दवाखान्याचा नंबर लिहा. कंपनीचा नव्हे, तुमचा. लोक फोन करतील, कटकट होईल. ती कटकट तुमच्याच वाट्याला यायला हवी, कारण जागा तुमची आहे.

एवढं करूनही कुणी गाडी लावून गेलंच, तर आधी शोध घ्या. आजूबाजूच्या इमारतींच्या वॉचमनना गाड्या ओळखू येतात, त्यांचे नंबर घेऊन ठेवा. दहापैकी सात-आठ वेळा एका फोनवर काम होईल असं मला वाटतं. रोज येऊन मुद्दाम दिवसभर लावणारा माणूस वेगळा, त्याच्याबद्दल मला मुळीच कणव नाही. त्याला एकदा लेखी ताकीद द्या, तारीख घाला, फोटो काढून ठेवा, आणि पुन्हा लावली तर खुशाल गाडी उचलायला लावा. पण दर वेळी फोन तुम्ही करायचा, सही तुम्ही करायची. ट्रक येण्यापूर्वी तो परत आला तर एक पैसाही घ्यायचा नाही, कारण तुम्हाला हवं होतं ते झालं, जागा रिकामी झाली. ट्रकला जोडल्यावर आला तर फेरीचा खर्च. यार्डवर गेली तर उचलण्याची ठरलेली रक्कम, आणि ठेवण्याचं भाडं पहिले चोवीस तास पूर्ण झाल्यावरच सुरू. औषधं, कागदपत्रं, लहान मुलाची किंवा आजाऱ्याची वस्तू मागितली तर विनाअट द्यायची. पावतीवर प्रत्येक रक्कम वेगळी लिहायची. आणि तुमचा हिस्सा शून्य. एखादी कंपनी या अटींवर काम करायला तयार होणार नाही, तर तिला जाऊ द्या. तयार होणारी कदाचित तुमच्याकडे थोडे पैसे मागेल, महिन्याला किंवा फेरीला. ते द्या. जागा राखण्याचा खर्च ही तुमच्या दवाखान्याची गरज आहे, जसं विजेचं बिल. आजवर तो खर्च व्हॅनवाल्यासारखे लोक भरत होते आणि म्हणून तो तुम्हाला फुकट वाटत होता.

जागा पुन्हा भरेल ही तुमची भीती खरी आहे. पहिले काही आठवडे भरेलही. खांब बसेपर्यंत रॅम्पजवळ कुणालातरी खुर्ची टाकून बसवा. गाडी वळताना दिसली की उठून ‘इथे पेशंट उतरतात’ एवढं सांगणारा माणूस जॅमरपेक्षा जास्त गाड्या परतवतो, कारण बहुतेक लोक निर्ढावलेले नसतात, त्यांना फक्त कळलेलं नसतं.

तुमच्या यजमानांशी वाद घालत बसू नका. ते शिस्तीच्या बाजूनं बोलताहेत आणि शिस्त हवीच. त्यांना एवढंच विचारा, त्या दिवशी अकरा वाजता आपल्या पेशंटची वाट कुणी अडवली होती? त्या मुलानं आठ मिनिटं. उरलेले दोन तास कुणी? त्या पेशंट बाईंना तुम्ही घडलेलं सांगितलंत का, हेही पत्रात नाही. पुढच्या वेळी त्या येतील तेव्हा स्वतः बाहेर जाऊन त्यांना उतरवून घ्या आणि सांगा, की त्या दिवशी जागा अडली ती माझ्या निर्णयामुळे.

राहिले ते पैसे. महिनाभरात खात्यात जमा झालेला हिस्सा वेगळा काढा. कंपनीकडून त्या महिन्याच्या पावत्यांच्या प्रती मागवा, करारात भागीदार आहात तर तो तुमचा हक्क आहे. रोज लावणाऱ्यांच्या पावत्या बाजूला ठेवा, त्यांचं मी बघत नाही. ज्यांच्या पावतीवर गाडी लावल्याची आणि जॅमरची वेळ अर्ध्या तासाच्या आत आहे, त्यांना तुमच्या वाट्याची रक्कम परत करा. सुरुवात व्हॅनवाल्यापासून करा, आणि त्याला फक्त पाचवा हिस्सा नको, त्यानं भरलेली सगळी रक्कम तुमच्या खिशातून द्या. तो रोज त्याच भागात खोकी पोचवतो, समोरच्या इमारतीच्या वॉचमनकडे त्याचा नंबर असेल. आणि पैसे देताना त्याला विचारून ठेवा, खोकी उतरवायला रोज किती वाजता येतोस. तुमचे पेशंट यायच्या आत येत असेल तर तेव्हा तुमच्या जागा कुणाला लागत नसतील.

तुमची,
ताई